जुनी घरं, नवी घरं आणि बसचा तोटा

मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि तिथून पुढे जवळपास चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेची भांडणं, कोर्टाच्या तारखा असं सगळं होता होता मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि १५ जानेवारी २०२६ हा मतदानाचा दिवस ठरला. तोवर आमच्या जेलरोडच्या बाजूच्या पोरांना आपला नगरसेवक कोण होता हे सांगता येत नव्हतं. दिवा बंद पडला की विभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा, नाहीतर एखाद्या माजी नगरसेवकाचं दार वाजवायचं, एवढंच माहीत.

उमेदवारीच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींत एक विचार निघाला. उमेदवार प्रचाराला येतात, हात जोडतात, पत्रक देतात आणि पुढच्या जिन्याला लागतात. त्यापेक्षा आपणच सगळ्यांना एका सभागृहात बोलवायचं, आणि विषय तीनच ठेवायचे: घरपट्टी, पालिकेचा खर्च आणि शहराची बस. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते. ताळेबंद वाचायची सवय आहे म्हणून तयारीचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते आनंदाने घेतलं.

सुरुवात घरपट्टीच्या बिलापासून केली. आम्ही सगळे खालचा एकूण आकडा बघतो, शिव्या घालतो आणि भरतो. बिल ओळीओळीने वाचलं तर पालिकेचे पैसे कसे जमतात ते बरंचसं तिथेच कळतं. सामान्य कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलप्रवाह कर, साफसफाई, अग्निशमन, पथकर, वृक्ष कर असे सगळे वेगवेगळे. त्यात शिक्षण कराची एक ओळ अशी, की ती रक्कम पालिका गोळा करते पण जाते राज्य सरकारकडे. दुकान किंवा गाळा असेल तर रोजगार हमी कराचंही तसंच. म्हणजे पालिकेला दिले म्हणून आपण जे मोजतो ते सगळे पालिकेचे नसतात.

हे सगळे कर बसतात करयोग्य मूल्यावर. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं यावं याचा अंदाज धरायचा, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. नियम साधा वाटतो. पण नाशिकमधली सगळ्यांत कडू भांडणं इथूनच निघाली आहेत. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना १ एप्रिलपासून नव्या मिळकतींसाठी आणि मोकळ्या भूखंडांसाठी हे दर वाढवले. शहरात आंदोलनं झाली, महासभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, विरोध केला, आयुक्तांवर अविश्वास ठराव आणण्यापर्यंत गोष्ट गेली. मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो ठराव मागे घेतला गेला, दरही काही प्रमाणात खाली आले, आणि वर्ष संपायच्या आत मुंढ्यांची बदली झाली. पण एक गोष्ट मागे राहिली. जुन्या घरांचं मूल्य ज्या काळात ठरलं त्याच काळात थांबलेलं, आणि नव्या घरांचं मूल्य नव्या दराने. एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या बिलांत त्यामुळे मोठा फरक.

हा फरक मी कागदावर वाचला होता. तो माणसांच्या तोंडून ऐकला तो आमच्या तयारीच्या बैठकीत. उमेदवारांना काय विचारायचं हे ठरवायला आम्ही पंधरा-वीस जण पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो होतो. थंडी मी म्हणत होती. शेजारच्या बंगल्यातले काका, प्रेसमधून म्हणजे इथल्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी पहिलाच प्रश्न मांडला, "कोणी घरपट्टी वाढवणार नाही असं लिहून देतो का ते विचारा. बाकी सगळं नंतर."

समोरच्या नव्या इमारतीतली एक मुलगी, नवरा-बायको दोघंही नोकरीला, म्हणाली, "काका, तुमचं घर आमच्या फ्लॅटपेक्षा मोठं आहे. तरी आमची पट्टी तुमच्यापेक्षा जास्त. रस्ता एकच, पाणी एकच, घंटागाडीही एकच. वाढवू नका म्हणालात तर आमचं आहे तसंच राहणार ना?"

काका चिडले. "आम्ही आलो तेव्हा इथे रस्ता तरी होता का? मळे होते सगळे. पावसाळ्यात पायातली चप्पल हातात घेऊन कामावर गेलोय. आता पेन्शनीत बसलोय तर आमच्यावर वाढवायची?"

"तुमच्यावर वाढवा म्हणत नाही मी. पण आमच्यावरच का?"

त्यावर कोणालाच पटकन बोलता आलं नाही, कारण दोघांचंही खरं होतं. नव्यांची पट्टी जुन्यांच्या बरोबरीला खाली आणली तर पालिकेच्या हातचं उत्पन्न जातं. जुन्यांची वर नेली तर ज्यांचं उत्पन्न थांबलंय अशा म्हाताऱ्या माणसांवर ओझं पडतं. मधला रस्ता म्हणजे टप्प्याटप्प्याने दोन्ही बाजू एकमेकांजवळ आणायच्या, आणि निवृत्त, विधवा, एकटं राहणाऱ्या घरमालकांना सवलत द्यायची. माझं स्वतःचं मत तेच आहे आणि मी ते बैठकीत मांडलं. काका म्हणाले, "ताई, टप्प्याटप्प्याने म्हणजे दर वर्षी थोडं थोडं चिमटे काढणं." त्या दिवशी एकमत झालं नाही. प्रश्न मात्र नीट लिहिला गेला: जुन्या आणि नव्या मिळकतींमधली तफावत तुम्ही कशी मिटवणार, आणि त्यात पालिकेचं जे उत्पन्न घटेल ते कुठून भरून काढणार?

प्रश्नाच्या त्या दुसऱ्या अर्ध्याचा मी आग्रह धरला. कर कमी करा हे एका सभेत म्हणायचं आणि रस्ते, बस, दवाखाने वाढवा हे दुसऱ्या सभेत, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. दोन्ही वाक्यं एकाच माणसाने एकाच बैठकीत म्हणावीत आणि मधला हिशेब जोडून दाखवावा, एवढंच मला हवं होतं.

मग अंदाजपत्रक वाचलं. नाशिक महापालिकेचं अंदाजपत्रक सुमारे तीन हजार कोटींच्या घरातलं आहे. जमेच्या बाजूला सगळ्यांत मोठा आकडा घरपट्टीचा असेल असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. तो आहे जीएसटी अनुदानाचा. पूर्वी विल्होळीच्या नाक्यावर जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागायच्या ते चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवतं. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. हातचं उत्पन्न गेलं म्हणून राज्य सरकार पालिकांना भरपाई देतं, आणि ती दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढावी अशी कायद्यात तरतूद आहे. म्हणजे आपल्या शहराचा सगळ्यांत मोठा पैसा मुंबईहून येतो. स्वतःच्या हातात उरतात ती मुख्यतः तीन उत्पन्नं: घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. त्यातलं शेवटचं बांधकामाच्या तेजी-मंदीवर हलतं. हे एकदा ध्यानात आलं की घरपट्टी माफ करू म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

खर्चाच्या बाजूला पगार, निवृत्तिवेतन, वीज, पाणी उचलण्याचा खर्च हे आधीच बांधलेलं असतं. आस्थापना खर्च, म्हणजे नोकरवर्गावरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या वर गेला की नोकरभरतीला अडसर येतो, म्हणून माणसं कायम घेण्याऐवजी कामं ठेकेदारांमार्फत करून घेतली जातात. शिवाय मागच्या वर्षांत मंजूर झालेली पण पैसे द्यायचे राहिलेली कामं, ज्याला पालिकेत दायित्व म्हणतात, ती नव्या वर्षाच्या डोक्यावर बसलेली असतात. नव्या नगरसेवकाला मनाप्रमाणे वळवता येईल असा पैसा उरतो तो फार थोडा. प्रचारपत्रकातली उद्यानं, अभ्यासिका, ग्रीन जिम सगळी त्या थोड्याशा पैशातून व्हायची असतात.

आणि बस. मी रोज नाशिकरोडहून द्वारका, तिथून पुढे अंबड अशी जाते. त्यामुळे हा विषय मला पोटतिडकीचा आहे, ते लपवत नाही. शहराची बस पूर्वी एसटी चालवायची. तोटा वाढत गेला, फेऱ्या कमी होत गेल्या, आणि ८ जुलै २०२१ पासून महापालिकेने स्वतःची कंपनी काढून सिटीलिंक सुरू केली. गाड्या ठेकेदाराच्या आणि पालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेले पैसे देणार, अशी ही पद्धत. गाडीत दहा माणसं असोत की पन्नास, धावलेल्या अंतराचे पैसे द्यावेच लागतात. तिकिटाचा गल्ला कंपनीचा. दोन्हींत जो फरक पडतो तो पालिका भरते, आणि वर्तमानपत्रात तो बसचा तोटा म्हणून छापून येतो. वाहकांची नेमणूकही ठेकेदारामार्फत, आणि थकलेल्या पगारासाठी त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा काम बंद केलेलं शहराने पाहिलंय.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि तिथे मी बराच वेळ थांबले. कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत: रस्ते, दिवे, पाणी, गटारं, साफसफाई, स्मशानं. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, म्हणजे परवडलं तर करायची. सार्वजनिक वाहतूक या दुसऱ्या यादीत आहे. रस्त्यावर कितीही कोटी गेले तरी त्यातून परत काय आलं असं कोणी विचारत नाही, कारण रस्ता करणं पालिकेचं कर्तव्यच. त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बसला मात्र दर वर्षी आपला खर्च तिकिटातून भरून दाखवावा लागतो. १९४९ सालच्या कायद्याला हे शोभत असेल. तेव्हा इथे महापालिकाही नव्हती, ती १९८२ मध्ये झाली. आज २०११ च्या जनगणनेनुसारच पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या, सातपूर-अंबडपासून नाशिकरोड-आडगावपर्यंत पसरलेल्या शहरात कामगाराने कामावर कसं जायचं हा प्रश्न ऐच्छिक कसा असू शकतो? मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

सभेसाठी परवानगी लागते. आचारसंहितेत एक खिडकी कक्षातून अर्ज करायचा, जागा, वेळ, आयोजक कोण, लाऊडस्पीकर आहे का, सगळं लिहायचं. तिथल्या कर्मचाऱ्याने एक चांगली सूचना केली. चहापाण्याचा खर्च एखाद्या उमेदवाराने केला तर तो त्याच्या निवडणूक खर्चात धरला जाईल, तेव्हा तो तुम्हीच करा. आम्ही घरटी वर्गणी काढली. अंतिम यादी आणि चिन्हं ३ जानेवारीला जाहीर झाली, प्रचार १३ तारखेला संपणार, त्यामुळे मधल्या थोड्याच संध्याकाळी हातात होत्या. पक्षाचे, अपक्ष, सगळ्यांना एकच पत्र आणि सोबत प्रश्नांची एकच यादी दिली. काही जण स्वतः आले. काहींनी कार्यकर्ते पाठवले, त्यांना आम्ही मान देऊन बसवलं पण बोलायला माईक दिला नाही. काहींनी नुसतं हो-हो केलं आणि फिरकले नाहीत.

सभागृह भरलं होतं. एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं.

पहिल्या उमेदवाराने जाहीर केलं, पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची पट्टी माफ करू, मुंबईत झालंय. टाळ्या पडल्या. मुंबईत ते २०२२ पासून झालंय हे खरं आहे. मी उठून विचारलं, "दादा, मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक चौऱ्याहत्तर हजार कोटींचं. आपलं तीन हजारांच्या आसपास. तिथे जी सूट पचते ती इथे कशी पचवणार? कुठला खर्च कमी करणार?" ते म्हणाले, भ्रष्टाचार थांबवला की पैसाच पैसा. मी पुन्हा विचारलं, अंदाजपत्रकातली एक ओळ सांगा. ते सांगू शकले नाहीत, आणि सभागृहाने ते नीट पाहिलं. कोणी हुर्यो केली नाही, याचा मला अभिमान वाटला.

दुसऱ्यांनी मेट्रो निओची गोष्ट काढली. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली. रबरी टायरच्या, वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या लांब जोडगाड्या गंगापूरपासून नाशिकरोडपर्यंत धावणार होत्या. गल्लीतली जी मुलं तेव्हा आठवीत होती ती आता कॉलेज संपवतायत. एका कॉलेजच्या मुलीनेच विचारलं, "मेट्रो येईल तेव्हा येईल. रात्री क्लास सुटल्यावर कॉलेजरोडवरून नाशिकरोडची शेवटची बस उशिरापर्यंत ठेवाल का, तेवढं सांगा." याला कोट्यवधी लागत नाहीत, किलोमीटरमागच्या पैशांत काही फेऱ्यांची भर पडते. उमेदवार म्हणाले, बघू. तिने वहीत तेच लिहून घेतलं.

मग महिलांना मोफत बसचं आश्वासन आलं, आणि तिथे सभा खरी रंगली. माझ्या मनात तयार मत होतं, की फुकट नको, वेळेवर हवी. ज्या सेवेचे पैसे कोणी देत नाही तिच्या गाड्या वाढवायला पालिकेला उत्साह राहणार नाही, असं मी म्हणाले. तेव्हा मागच्या रांगेतून पोळ्यांची कामं करणाऱ्या एक मावशी उठल्या. त्या देवळाली गावाकडून येतात, तीन ठिकाणी कामं. "ताई, तुम्हाला वेळ महाग, मला तिकीट महाग," त्या म्हणाल्या. "जाताना दोन बशी, येताना दोन. एका घरचा पगार नुसता प्रवासात जातो. मग मी चालते. उशीर झाला की बाई बोलतात." एवढं बोलून त्या खाली बसल्या. रिक्षा चालवणारे एक भाऊ त्यांच्या बाजूने बोलले, ज्यांचा धंदा बसमुळे कमी होतो ते. शेअर रिक्षालाही ज्यांचे पैसे पुरत नाहीत ती माणसं आम्ही रोज चालताना बघतो, असं ते म्हणाले. त्यांचं मागणं वेगळं होतं. बसथांब्याला जोडून रिक्षाथांबे द्या, मग आम्ही गल्लीतून माणूस थांब्यावर आणू आणि बस पुढे नेईल. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

त्यावरून चर्चा एसटीकडे वळली. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि त्या सवलतीचा भार राज्य सरकार उचलतं. शहर बसमध्येही तसंच व्हावं, पालिकेने सरकारकडे प्रतिपूर्ती मागावी, आणि मिळेपर्यंत निदान मासिक पास स्वस्त करावा, असं सभेचं साधारण म्हणणं झालं. मावशींनी मान हलवली. मोफतवाल्या उमेदवाराला विचारलं, प्रतिपूर्तीचा ठराव महासभेत मांडाल का? ते म्हणाले, मांडीन. त्यांनी आमच्या कागदावर सही केली. अशा सह्या मिळवणं हाच आमच्या सभेचा मुख्य उद्देश होता.

काकांनी कुंभमेळ्याचं काढलं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, बाहेरच्या परिक्रमा मार्गापासून घाटांपर्यंत कामं निघाली आहेत, त्यासाठी कायद्याने वेगळं प्राधिकरण आहे. "पैसा सरकारचा, हुकूम प्राधिकरणाचा, मग नगरसेवक काय नारळ फोडायला?" त्यांनी विचारलं. याचं एक उत्तर मला ठाऊक होतं आणि मी ते दिलं. मेळा संपल्यावर रस्ते, दिवे, मलजल शुद्धीकरण केंद्रं चालवायचा आणि दुरुस्त करायचा खर्च पालिकेच्याच माथी येतो. साधूंची पालं उठतात, विजेची बिलं राहतात. तेव्हा आत्ताच प्रत्येक कामाचा पुढचा देखभालीचा आकडा मागून घेणं हे नगरसेवकाचं काम. साधुग्रामासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून शहर जेवढं पेटून उठलं तेवढंच या आकड्यांसाठी उठलं पाहिजे असं मला वाटतं. झाडं डोळ्याला दिसतात, देखभालीचा खर्च तीन वर्षांनी घरपट्टीच्या बिलातून दिसतो.

सगळ्यांत शेवटी बोलल्या त्या एक अपक्ष बाई. बोलणं साधं, हातात आमचीच प्रश्नांची यादी. त्या म्हणाल्या, "मी निवडून आले तर एकशे बावीस जणांतली एक असेन. घरपट्टी कमी करीन असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. जुन्या-नव्या घरांची तफावत टप्प्याने मिटवायचा प्रस्ताव मांडीन. पेन्शनवर जगणाऱ्यांना सूट मागीन. आणि बसच्या पैशाला तोटा म्हणू देणार नाही, ती तरतूद रस्त्यासारखीच धरा म्हणीन." काकांनी तिथल्या तिथे सांगितलं, "मग माझं मत नाही तुम्हाला." त्या म्हणाल्या, "चालेल काका. पण सांगून गेले हे लक्षात ठेवा." इतक्या सभा मी ऐकल्या, पण तुमचं मत गेलं तरी चालेल असं म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

सभेत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागली. चौकाचौकात वाद चालला होता तो महापौर कोणाचा यावर, आणि महापौर आपण निवडतच नाही. शेजारच्या भगूरमध्ये डिसेंबरमध्ये लोकांनी नगराध्यक्ष थेट मतांनी निवडला. नाशिकला नगरसेवक महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते मंत्रालयातल्या सोडतीत ठरतं. अंमलबजावणी आयुक्ताकडे, आयुक्त सरकारने नेमलेला. लोकप्रतिनिधींकडे खरी ताकद आहे ती दोन ठिकाणी. सोळा जणांची स्थायी समिती, जिथे खर्चाचे प्रस्ताव मंजूर होतात, आणि महासभा, जिला कायद्याप्रमाणे २० फेब्रुवारीच्या आत पुढच्या वर्षाचे कराचे दर ठरवायचे असतात आणि त्यानंतर अंदाजपत्रक. म्हणून उमेदवाराला 'तुमचा महापौर कोण' हे विचारण्यात अर्थ नव्हता. 'महासभेत हात कशासाठी वर कराल' हे विचारायचं होतं.

संक्रांत मतदानाच्या आदल्या दिवशी आली. गच्चीवर पतंग, घराघरांत तिळगूळ, आणि प्रत्येक घरात एकच हिशेब: चार मतं कोणाला? आमच्याकडे एका प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड, आणि प्रत्येक मतदाराने चार मतं द्यायची. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक आहे, मग नाशिकला चार का, याचं पटणारं कारण मला कोणी दिलेलं नाही. गटार तुंबलं तर चौघांपैकी कोण जबाबदार? कार्यकर्ते सांगत होते, एकच चिन्ह चार वेळा दाबा, सोपं आहे. आम्ही सभेतल्या उत्तरांचे कागद झेरॉक्स करून इमारतीइमारतींत लावले होते. त्यावर कोणाला मत द्या असा एक शब्द नव्हता. फक्त प्रश्न, उत्तर आणि सही, आणि जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवरून दोघांचे फोन आले. त्यांना सांगितलं, उत्तर लिहून पाठवा, लगेच लावतो. एकाने खरंच पाठवलं.

सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं. पांढरी, फिकी गुलाबी, फिकी पिवळी, फिकी निळी अशा चार मतपत्रिका यंत्रावर एकापाठोपाठ. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना चौथं मत दिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही हे माहीत नव्हतं, आणि केंद्राध्यक्ष प्रत्येकाला शांतपणे समजावत होते. मी माझी चार मतं चार वेगळ्या कारणांनी दिली आणि ती एकाच चिन्हाला नव्हती. नव्या इमारतीतली ती मुलगी काकांना आपल्या गाडीवरून केंद्रावर घेऊन आली होती. रांगेतही दोघांचा घरपट्टीवरून वाद चालूच होता.

निकाल १६ तारखेला लागला. आमच्या सभेला आलेल्यांपैकी सगळे काही जिंकले नाहीत. त्या अपक्ष बाईही हरल्या, पण आमच्या इमारतींच्या मतदान केंद्रांतून त्यांना जी मतं पडली ती पाहून मोठमोठे कार्यकर्ते चौकशी करत आले, ही कोण, हिचं काय काम. त्यांनी आता आमच्याबरोबर अंदाजपत्रकावर बसायचं कबूल केलंय.

पुढचं काम लगेच उभं राहिलं, कारण २० फेब्रुवारी लांब नव्हती. निवडून आलेल्या चारही जणांच्या नावे आम्ही एकच पत्र तयार केलं. त्यात तीन मागण्या. पहिली, २०१८ च्या आधीच्या आणि नंतरच्या मिळकतींच्या करातली तफावत किती आहे त्याचा प्रभागवार तक्ता महासभेपुढे ठेवायला प्रशासनाला सांगा, म्हणजे वाद आकड्यांवर होईल. दुसरी, शहर बससाठीची तरतूद वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण करा, म्हणजे ठेकेदाराचे आणि पर्यायाने वाहकांचे पैसे अडणार नाहीत, आणि महिलांच्या निम्म्या तिकिटासाठी प्रतिपूर्तीचा ठराव सरकारकडे पाठवा. तिसरी, कुंभमेळ्याच्या प्रत्येक कामासोबत पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च जाहीर करा. खाली सगळ्यांच्या सह्या. पोळ्यांच्या मावशींनी दुसऱ्या मागणीखाली सही केली. काकांनी पहिल्या मागणीपुढे 'निवृत्तांना वाढ नको' असं स्वतःच्या अक्षरात जोडून सही केली, आणि त्या मुलीने त्याच्याच खाली आपली.

चौघांपैकी तिघांच्या कार्यालयातून पोच मिळाली आहे. चौथ्यांकडे शनिवारी सकाळी आम्ही पाच जणी जाणार आहोत.